वॉरहॅमरचा टँक, खरा टँक आणि मधले नियम

सरळ मुद्द्यावर येतो. वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर बाहुल्या आणि फासे घेऊन खेळायचा युद्धाचा गेम. त्याच्या दहाव्या आवृत्तीत दोन लेमन रस टँक समोरासमोर उभे करा आणि दोघांना फक्त मोठ्या तोफेने एकमेकांना झोडू द्या. पाच राउंडचा गेम संपेल तरी बहुतेक दोघंही उभेच असतील. मस्करी नाही करत, हिशोब करून बघा. २०२३ च्या इंडेक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या यादीत, बॅटल कॅनन या मोठ्या तोफेला एक फासा अधिक तीन एवढे शॉट, म्हणजे सरासरी साडेसहा. ४ किंवा वर पडला तर हिट, म्हणजे निम्मे गेले. तोफेची स्ट्रेंग्थ (ताकद) १० आणि समोरच्या टँकची टफनेस (टणकपणा) ११, त्यामुळे वूंड (घाव) व्हायला ५ किंवा वर हवा, म्हणजे उरलेल्यातले दोन तृतीयांश गेले, आणि त्याच्यावर २ ची सेव्ह (चिलखताने वाचायचा फासा), तोफेचा एपी, म्हणजे चिलखत भेदायचा आकडा, उणे एक असल्यामुळे ती ३ ची होते, तिथे परत दोन तृतीयांश उडाले. ऑर्डर-बिर्डर, री-रोल असले जादा फायदे बाजूला ठेवले आणि उरलेल्या प्रत्येकाचा डॅमेज ३ धरला तर एका राउंडला सरासरी एक वूंड जेमतेम पडतो. टँकला वूंड आहेत १३, तेवढे गेले की टँक मेला.

आता खरं बघा. २६ फेब्रुवारी १९९१, इराकच्या वाळवंटात ७३ ईस्टिंगची लढाई. मॅकमास्टर नावाच्या अमेरिकन कॅप्टनच्या तुकडीने एम१ए१ टँक घेऊन २३ मिनिटांत २८ इराकी टँक उडवले, त्यात सोव्हिएत बनावटीचे टी-७२ पण होते. तिथे वूंड कोण मोजत बसलं नव्हतं. १२० मिमीच्या तोफेतून सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर वेगाने एक बारीक लांब दांडा सुटतो, तो आरपार गेला की विषय संपला, नाही गेला तर आतले लोक हादरतात, शिव्या देतात आणि परत फायर करतात. बऱ्याचदा हो किंवा नाही एवढाच प्रश्न असतो. तेरातला एक वूंड गेला, बारा राहिले असला हिशोब खऱ्या रणगाड्यात नसतो.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या फोंड्यातल्या टोळक्यात गेला पूर्ण पावसाळा याच्यावरच वाद चालू आहे, आणि एक-दोघं नवीन पोरं विचारत होती की नियम कुठले घ्यावे, कुठल्या सेटवर पैसे घालावे. तर हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. मॉडेलचा रिव्ह्यू नाही, नियमांचा. मॉडेल मस्तच आहे, उंच, बोजड, दोन्ही कुशींना तोफा लावलेल्या. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत इंग्रजांनी जो मार्क वन पहिल्यांदा उतरवला त्याचा नातू शोभतो. त्या मार्क वनच्या तोफवाल्या प्रकाराला पण कुशीलाच ५७ मिमीच्या दोन तोफा होत्या, आठ माणसं आत कोंबलेली आणि वेग ताशी सहा किलोमीटर, चालत गेलेलं बरं. उलट टी-७२ बघा, उंची फक्त २.२ मीटर, कारण उंच टँक आधी दिसतो आणि आधी मरतो. लेमन रसला हे कुणी सांगितलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर दिसायला म्हणूनच तो भारी दिसतो.

पण अंतर बघितलं की हसू येतं. या मापाच्या बाहुल्या साधारण १:५६ धरल्या तर बॅटल कॅननची ४८ इंचाची रेंज खऱ्यात होते ६८ मीटर. अडुसष्ट! सैनिकाच्या हातातली लेसगन २४ इंच, म्हणजे ३४ मीटर, त्याच्यापेक्षा लांब आमच्याकडचा पोरगा दगड मारून कैरी पाडतो. स्टँडर्ड टेबल ६० बाय ४४ इंच, म्हणजे अख्खं रणांगण ८५ बाय ६३ मीटर, फातोर्ड्याच्या फुटबॉल मैदानापेक्षा लहान, आणि त्याच्यात दोन सैन्यं, चार-पाच टँक, कधी कधी एखादा चालता राक्षस पण. खऱ्या टँकला दोन किलोमीटर म्हणजे रोजचं अंतर. १९९१ मध्येच ब्रिटिशांच्या चॅलेंजरने सुमारे ४.७ किलोमीटरवरून एक टँक टिपला होता. दोन किलोमीटर मापात आणले तर जवळजवळ ३६ मीटर होतात, म्हणजे तुमचा टँक हॉलमध्ये टेबलावर आणि शत्रूचा शेजाऱ्याच्या माडाखाली. एवढा टेप कुणाकडे असतो? त्यामुळे रेंजवरून मी नियमांना शिव्या देणार नाही. २८ मिमीच्या बाहुल्या घेऊन खेळायचं तर अंतर असंच आवळावं लागणार.

माझी तक्रार दुसरी आहे. कूस.

माझ्या मित्राचे एक काका रिटायर्ड आहेत, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये टी-७२ वर गनर होते, आता सत्तरीत बागायत बघतात. एकदा पाऊस लागला म्हणून घरीच थांबले आणि आमचा गेम बघायला बसले. बराच वेळ गप्प. मी मोठ्या मेहनतीने माझा टँक भिंतीच्या आडून फिरवून दुसऱ्याच्या बरोब्बर मागे नेला, फासे टाकले, आणि समोरून मारल्यावर जे झालं असतं तेच झालं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला, माझ्या टँकच्या मागच्या जाळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाबू, इथं इंजिन ना? मग इथं मारून पण तेच? मग एवढा फिरून कशाला गेलास, पेट्रोल जाळायला?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. वर मित्राने त्यांना सांगितलं की नुसत्या रायफलने पण हा टँक फुटू शकतो, तर कोपऱ्यातून कुणीतरी "कितें रे हें, बंदुकेन टँक मोडटा?" म्हणाला आणि सगळे हसायला लागले. मोडतो, खरंच. लेसगनची स्ट्रेंग्थ ३, वूंड व्हायला ६ हवा, वर टँकचा सेव्हला १ पडायला हवा, सगळं धरून ७२ गोळ्यांमागे एक वूंड. १३ वूंडना ९३६ गोळ्या. कुणी मारत बसणार नाही हे मान्य, पण नियमात ते आहे.

खऱ्या टँकचं चिलखत सगळीकडे सारखं नसतंच. वजन परवडत नाही. म्हणून जाड चिलखत समोर, साधारण ६० अंशांच्या तोंडावर, आणि कुशीला, मागे, वर पातळ. समोरचं पण तिरकं लावतात. ६० अंश कललं की तीच प्लेट आडव्या येणाऱ्या गोळ्याला दुप्पट जाड लागते. एवढं करूनही वजन काय थांबत नाही, आपला अर्जुन एमके-१ए ६८ टनांच्या वर गेला, टी-९० त्याच्यापेक्षा वीस-बावीस टन हलका. आता एवढं धूड कुठल्या पुलावरून न्यायचं हा पण प्रश्न असतोच. गोव्यात तर आधी नद्या आणि खाजणं, डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांनी मागे हटताना पूल उडवले ते उगाच नाही. गेममध्ये पूल हा फक्त शोभेचा भाग, त्याच्यावरून काय पण जातं.

कुशीचं महत्त्व बघायचं तर सप्टेंबर १९६५ ची पंजाबातली असल उत्तरची लढाई. पाकिस्तानकडे अमेरिकन पॅटन, कागदावर आपल्या सेंच्युरियनपेक्षा नवे. आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं, उसात टँक लपवले, घोड्याच्या नालेसारखी रचना केली आणि पॅटन आत शिरल्यावर बाजूने हाणले. अब्दुल हमीद तर जीपवरची १०६ मिमीची रिकॉइललेस गन घेऊन टँक फोडत होते, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जीप ती, तिच्यावर दगड मारला तरी भोक पडेल. तिचं सगळं बळ कुठून मारायचं ह्याच्यात होतं. नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात पॅटन आणि सेंच्युरियन दोन्ही बघायला मिळतात. गोव्यातून शिर्डी-शिंगणापूर करणारे हजारो लोक तिथून पुढे जातात आणि आत वळत नाहीत, त्यांनी एकदा वळावं. पॅटनच्या समोर उभं राहून मग बाजूला जाऊन बघा, हा लपायला एवढा मोठा कसा काय म्हणून आश्चर्य वाटेल.

आता असल उत्तर दहाव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळा बघू. ऊस असला काय नसला काय, समोरून आणि बाजूने एकच टफनेस, एकच सेव्ह. त्यात अजून एक गंमत, गाडीच्या कुठल्याही भागातून अंतर आणि नजर मोजता येते, म्हणजे तुमची नळी मागे वळलेली असली आणि पट्ट्याचा नुसता एक कोपरा भिंतीबाहेर दिसत असला तरी तोफ तिथून सुटते. टरेट, म्हणजे वरचा तोफेचा घुमट, चिकटवायचं की फिरतं ठेवायचं ह्याच्यावर लोक तासभर डोकं लावतात, नियमांना त्याचं काही पडलेलं नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, हे आधी असं नव्हतं. पाचव्या आवृत्तीत (२००८) टँकला तीन आकडे असायचे, समोर, कूस, मागे. लेमन रस १४, १३, १०. तोफेची स्ट्रेंग्थ अधिक एक फासा, चिलखताच्या आकड्याइतकं आलं तर ओरखडा, जास्त आलं तर आरपार, कमी आलं तर काहीच नाही. लेसकॅननची, म्हणजे लेसरच्या तोफेची, स्ट्रेंग्थ ९, समोरून १४ ला आरपार करायला ६ च पडायला हवा, मागून २ पडला तरी काम झालं. लेसगनची ३, फासा ६ पडला तरी ९, मागून पण काही होत नाही, बंद. आणि आरपार गेल्यावर परत एक फासा: क्रू हादरला, क्रू सुन्न, एक तोफ निकामी, गाडी जागेवर अडकली, गाडी खलास, किंवा धडाम. काकांना हा तक्ता वाचून दाखवला तर ते लगेच म्हणाले, "हां, हे बरोबर आहे, पट्टा तुटून बसलेला टँक सुद्धा गोळे मारतो." माझ्या मते या गेममध्ये खऱ्या रणगाड्याच्या सगळ्यात जवळ गेलेले नियम तेच. २०१७ ला आठव्या आवृत्तीत ते काढून टाकले. का काढले ते पण समजतं, प्रत्येक वळणावर कोन मोजत "ही कूस का समोर" म्हणून भांडणं व्हायची, आणि पहिल्याच राउंडला सहा पडून ज्याचा महागडा टँक उडाला त्याचा सगळा रविवार वाया जायचा. पण भांडण मिटवायला घरच पाडलं असं झालं.

सगळ्यात कहर व्हँक्विशर. ही लेमन रसच्याच एका प्रकारावरची, खास टँक मारायची लांब नळीची तोफ, ७२ इंच रेंज, स्ट्रेंग्थ १८, एपी उणे चार. डॅमेज एक फासा अधिक सहा. जास्तीत जास्त किती? १२. आणि लेमन रसला वूंड १३. म्हणजे टँक मारायलाच बनवलेली तोफ आपल्याच जातीच्या टँकला एका गोळ्यात कधीच मारू शकत नाही. हे ठरवून केलंय की चुकून झालंय देव जाणे.

मग पर्याय काय? डर्टसाइड टू. ग्राउंड झीरो गेम्स ह्या छोट्या इंग्लिश कंपनीचे १९९३ चे नियम, पीडीएफ फुकट मिळते. छोटे ६ मिमीचे, १:३०० मापाचे टँक. टी-७२ ची बॉडी सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास. एक इंच म्हणजे १०० मीटर, त्यामुळे दोन किलोमीटर म्हणजे वीस इंच, सगळं जेवणाच्या टेबलावर मावतं, शेजाऱ्याच्या माडाखाली जायला नको. विज्ञानकथाच आहे, लेसर आहे, मास ड्रायव्हर आहे, फ्युजन गन आहे, पण लिहिणाऱ्याला खरा टँक माहीत आहे हे पानापानावर जाणवतं. आजच्या टँकसारखी साधी हाय व्हेलॉसिटी कॅनन पण यादीत आहे. नेम लागला की नाही हे फायर कंट्रोल (नेम धरायची यंत्रणा) किती चांगला आणि समोरची गाडी किती ठळक दिसते ह्याच्यावर ठरतं, दोघं फासे टाकतात. म्हणजे उंच टँक असेल तर भोगा.

डॅमेजला फासे नाहीत, चिट्ट्या आहेत. तोफ जेवढी मोठी तेवढ्या चिट्ट्या पिशवीतून काढायच्या, कुठल्या रंगाच्या मोजायच्या ते तोफेच्या प्रकारावर आणि अंतरावर. बेरीज चिलखतापेक्षा कमी, काही नाही. बरोबर तेवढी, गाडी खराब. जास्त, गेली. बस. आम्ही चिट्ट्या प्रिंट करून कापल्या, लॅमिनेट केल्या, आणि घरात हाउजीची पिशवी होती तीच वापरली. ती पिशवी हातात घेऊन चिट्टी काढताना जो काय आवाज शांत होतो टेबलाभोवती, ते वॉरहॅमरच्या बादलीभर फाशांत नाही. काही चिट्ट्यांवर आकडा नाही, नुसतं गाडी अडकली किंवा नेम बिघडला असलं काहीतरी, काही सरळ स्फोट. परत तो जुना तक्ता आठवला.

वाईट काय? दिसायला काहीच नाही. सव्वादोन सेंटीमीटरचा टँक रंगवून कुणाला दाखवणार. नियम मांडलेत पण जुन्या पद्धतीने, शोधत बसावं लागतं. आणि खेळायला माणूस नाही, वॉरहॅमर म्हटलं की बेळगाव-पुण्याहून पण कुणीतरी येतो, डर्टसाइड म्हटलं की टूथपेस्टचं नाव आहे का विचारतात.

नव्यांना एक जाता जाता, जून ते ऑगस्ट स्प्रे प्रायमर मारू नका. आपल्याकडच्या हवेतल्या दमटपणाने तो वाळूसारखा खरखरीत आणि पांढुरका बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, पातळ दोन हात. आणि पार्सल मागवताना बॉक्स चेपून येईल हे धरूनच चाला, माझ्या एका टँकची नळी बॉक्समध्येच मोडून आली होती आणि कुरियरवाला म्हणे आतलं आम्हाला काय माहीत.

तर स्टार द्यायचेच तर: दहावी आवृत्ती, गेम म्हणून चार, टँक म्हणून दीड. पाचवी, टँक म्हणून साडेतीन, भांडणासाठी पाच. डर्टसाइड टू, टँक म्हणून साडेचार, सोबतीसाठी एक.

आम्ही सध्या दहावीच खेळतोय पण एक घरचा नियम लावून. टँकच्या मागच्या कडेच्या रेषेपलीकडून मारलं तर वूंडच्या फाशाला एक अधिक आणि एपी एकने जास्त. दोन लेमन रसचा तोच हिशोब मागून केला तर राउंडला सरासरी एकाऐवजी जवळजवळ अडीच वूंड होतात, पाच राउंडला बारा. तेराव्यासाठी अजून एखादी लेसकॅनन लागतेच, पण निदान फिरून मागे जायला कारण मिळालं. काकांना अजून पटलेलं नाही, ते म्हणतात पहिल्याच गोळ्याला जायला पाहिजे. कुणाला खेळून बघायचं असेल तर रविवारी दुपारनंतर फोंड्याला या, टेप आपापला आणा.