रिटर्न स्वतः भरताय? सरकारी पोर्टल, ऑफलाइन युटिलिटी आणि खासगी ॲप यांतलं काय निवडाल

उत्पन्न फक्त पगाराचं, बँकेच्या व्याजाचं आणि थोड्या लाभांशाचं असेल, तर रिटर्न भरण्यासाठी कुणालाही एक रुपया देऊ नका. आयकर खात्याचं ई-फाइलिंग पोर्टल फुकट आहे आणि आयटीआर-१ या सर्वांत साध्या रिटर्न फॉर्ममधली बहुतेक माहिती तिथे आधीच भरून येते. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग शेअर आणि म्युच्युअल फंड विकल्यानंतरच सुरू होतो. मामला परदेशी शेअर किंवा फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (एफ अँड ओ) तोट्यापर्यंत गेला असेल, तर सॉफ्टवेअर निवडत बसण्यापेक्षा सीए गाठलेला बरा.

आधी फॉर्म, मग ॲप

बरेच जण ॲप उघडतात आणि ते सुचवेल तो फॉर्म भरतात. ॲपला तुमची शेती ठाऊक नसते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या नोकरदाराला उसाचे किंवा आंब्याचे पैसे येत असतील आणि निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर जात असेल, तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. शेतीवर आयकर नाही हे खरं, पण बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न हिशेबात धरलं जातं. ते ५ लाखांच्या वर असेल, तर जिल्हा, पिन कोड, एकरांत क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही फॉर्ममध्ये लिहावं लागतं. खासगी ॲपमध्ये ही जागा ‘करमुक्त उत्पन्न’ या भागात शोधा. सापडली नाही तर ते ॲप तुमच्यासाठी नाही.

गोव्यातल्या जोडप्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पोर्तुगीज नागरी संहितेखाली ज्यांची मालमत्ता पती-पत्नीची सामाईक असते, त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकर कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. त्यांनाही आयटीआर-१ बंद. त्यांना ‘शेड्यूल ५ए’ (या वाटणीचा तक्ता) असलेला फॉर्म लागतो. पोर्टलवरच्या आयटीआर-२ मध्ये हे शेड्यूल आहे. खासगी सेवेला पैसे भरण्याआधी ते आहे का, हे लेखी विचारून घ्या.

शेअरवाल्यांना एक दिलासा आहे. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ (म्हणजे २०२४-२५ मधलं उत्पन्न) पासून शेअर आणि इक्विटी फंडांवरचा १.२५ लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा आयटीआर-१ मध्ये दाखवता येतो. अल्पकालीन नफा असेल, किंवा तोटा पुढे ओढायचा असेल, तर मात्र आयटीआर-२.

पोर्टल आणि युटिलिटी

पोर्टलवरची भरून आलेली माहिती मालकाच्या टीडीएस (आधीच कापलेला कर) विवरणातून आणि एआयएसमधून, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहिती विवरणातून येते. म्हणून फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला) हातात आल्यावर, जूनच्या उत्तरार्धात बसणं शहाणपणाचं. बँकांचं शेवटच्या तिमाहीचं टीडीएस तोवर २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा कराच्या विवरणात, उतरलेलं असतं. वर्षात नोकरी बदलली असेल तर पोर्टल अचानक हजारोंचा कर दाखवतं आणि माणूस घाबरतो. त्यात चूक काही नसते. दोन्ही मालकांनी आपापल्या फॉर्म १६ मध्ये करमुक्त टप्पा आणि प्रमाणित वजावट धरलेली असते. पोर्टल दोन्ही पगार एकत्र करून ती एकदाच देतं. एखादं ॲप या जागी कर दाखवत नसेल, तर बहुधा दुसरा फॉर्म १६ त्यात गेलेलाच नाही.

जुनी, वजावटींची करप्रणाली घेणाऱ्यांनी कागद जवळ ठेवूनच बसावं. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून फॉर्म आरोग्य विम्याच्या कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक, गृहकर्जाचा खाते क्रमांक, घरभाडे भत्त्याचा तपशील असं सगळं मागतो. गुंतवणुकीच्या वजावटीचे नुसते दीड लाख टाकून पुढे जाता येत नाही.

ऑफलाइन युटिलिटी म्हणजे संगणकावर उतरवून घेण्याचा फुकट सरकारी प्रोग्रॅम. पोर्टलवरून आधी भरलेल्या माहितीची जेसन (JSON) फाइल घ्यायची, युटिलिटीत उघडायची, काम संपलं की नवी जेसन पोर्टलवर चढवायची. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रेंगाळतो, तेव्हा तुमचं काम घरच्या संगणकावर सुखरूप असतं. एक्सेलमधल्या युटिलिटीला मायक्रोसॉफ्ट एक्सेल आणि चालू केलेले मॅक्रो लागतात. गूगल शीट्समध्ये ती चालत नाही. चढवण्याआधी नवी आवृत्ती आली आहे का, ते बघा.

खासगी सेवा पैसे कुठे वसूल करून देते

क्लिअरटॅक्स, क्विको, टॅक्सबडी यांसारख्या सेवांची ताकद ब्रोकरची टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याची) फाइल वाचण्यात आहे. वर्षात दोनशे सौदे असतील तर हे काम हाताने करणं म्हणजे शिक्षाच. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरना त्या दिवसाचा भाव लावणं, प्रत्येक शेअरची ओळ वेगळी भरणं, हे सॉफ्टवेअरने केलेलंच बरं.

पण तपासणी तुमची. बोनस, विभाजन, दुसऱ्या डीमॅटमधून आलेले शेअर, इथे खरेदी किंमत हमखास बिघडते. २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा कंपनीने मूळ किंमत ९५.३२ आणि ४.६८ टक्के अशी वाटायला सांगितलं. म्हणजे १,००० रुपयांना घेतलेल्या रिलायन्सची किंमत आता ९५३.२० आणि जिओची ४६.८०. जिओचा शेअर विकल्यावर ॲप खरेदी किंमत शून्य दाखवत असेल, तर तुम्ही नसलेल्या नफ्यावर कर भरणार.

दुसरी अडण्याची जागा म्हणजे आयटीआर-२ च्या भांडवली नफ्याच्या शेड्यूलमधला ‘एफ’ तक्ता. तिथे नफा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि ३१ मार्च अशा टप्प्यांत वाटायचा असतो, कारण आगाऊ कराच्या उशिराचं व्याज त्यावरून ठरतं. आकडे तोटा वजा केल्यानंतरचे हवेत. पोर्टलवर भरणारे तोट्याआधीचे आकडे टाकतात आणि बेरीज जुळत नाही म्हणून फॉर्म पुढे सरकत नाही. चांगलं ॲप हा तक्ता सौद्यांच्या तारखांवरून स्वतः भरतं. आमच्या मते पैसे देण्याचं हे सर्वांत पटणारं कारण आहे.

परदेशी कंपनीचे आरएसयू (कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेले शेअर) असतील तर ॲपला एकच प्रश्न विचारा: परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाचं भरता का? एप्रिल ते मार्चचे आकडे तिथे चुकीचे ठरतात. परदेशात कापलेल्या कराचं श्रेय घ्यायचं तर फॉर्म ६७ वेगळा भरावा लागतो.

सॉफ्टवेअर म्हणेल तोच कायदा नव्हे

५ जुलै २०२४ ला सरकारी युटिलिटी बदलली. नव्या करप्रणालीत सात लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर कलम ८७एची (कमी उत्पन्नवाल्यांचा कर माफ करणारी) जी सूट आदल्या दिवसापर्यंत मिळत होती, ती युटिलिटी देईना. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, करदात्याला दावा करण्यापासूनच युटिलिटीने रोखणं चूक. पुढे २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून कायद्यातच दुरुस्ती होऊन नव्या प्रणालीत ही सूट विशेष दराच्या उत्पन्नाला (शेअरच्या अशा नफ्यासारख्या) बंद झाली. म्हणून ॲप आणि पोर्टल यांच्या करात फरक दिसला तर स्वस्त आकडा उचलू नका, कोणत्या ओळीत फरक आहे ते शोधा.

त्यासाठी जेसन फाइल हाती देणारीच सेवा घ्या. ती पोर्टलवर स्वतः चढवता येते आणि पुढच्या वर्षी सेवा बदलायला मोकळं राहता. शुल्क कोणत्या फॉर्मचं, १४३(१) ची (रिटर्नचा हिशेब तपासल्याची) सूचना किंवा १३९(९) ची सदोष विवरणाची नोटीस आली तर उत्तर त्यात धरलंय का, हेही आधीच बघा. सदोष विवरण दुरुस्त करायला साधारणपणे १५ दिवसच मिळतात. ‘जास्तीत जास्त रिफंड’ अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटी लावणाऱ्यांविरुद्ध आयकर खात्याने सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. रिटर्नवर नाव तुमचं असतं, दंडही तुम्हालाच.

भरून झाल्यावर पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल स्वतःचेच आहेत ना, ते पाहा. मध्यस्थाचे राहिले तर नोटीस त्याच्याकडे जाते. रिफंडचं बँक खातं पूर्वप्रमाणित करा. आणि ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. उशीर झाला तर व्हेरिफाय केलेली तारीख हीच रिटर्नची तारीख धरली जाते, आणि ती मुदतीनंतरची असेल तर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागतं.