जुन्या गिअरवाल्या लिफ्टला रोप ब्रेक: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

आठ माणसांची लिफ्ट म्हणजे माणशी ६८ किलोच्या हिशेबानं ५४४ किलो. काऊंटरवेट, म्हणजे रोपच्या दुसऱ्या टोकाचं तोलाचं वजन, धरतात ते साधारण केबिनचं वजन अधिक निम्मा भार. म्हणजे केबिन रिकामी असताना काऊंटरवेट २७२ किलोनं जड असतं. अशा वेळी मशीनचा ब्रेक निकामी झाला तर केबिन खाली पडत नाही, वर पळते, आणि थेट डक्टच्या माथ्याकडे जाते. केबिनखालचा सेफ्टी गिअर इथं कामाचा नाही. जुन्या लिफ्टमध्ये तो फक्त खाली येताना रेल पकडतो. रोप ब्रेकची, म्हणजे थेट लिफ्टचे रोप पकडणाऱ्या ब्रेकची, गरज पडते ती इथं.

सोसायट्यांच्या बैठकीत 'इमर्जन्सी ब्रेक' या नावाखाली बऱ्याचदा एआरडी खपवला जातो. एआरडी म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर केबिन जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणारा डबा. सोयीचा आहे, पण तो ब्रेक नाही.

गिअरवाल्या मशीनचं दुखणं रचनेतच आहे. ब्रेक ड्रम मोटरच्या बाजूला, वर्मच्या (स्क्रूसारख्या गिअरच्या) शाफ्टवर असतो. शीव्ह, म्हणजे रोप ओढणारं खाचांचं चाक, असते वर्मव्हीलच्या (वर्मनं फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या) बाजूला. मधले ब्राँझचे दाते झिजून गेले किंवा शाफ्ट-चावी तुटली, तर ब्रेक ड्रम घट्ट धरून बसतो आणि शीव्ह मोकळी फिरते. रोप ब्रेक मशीनला विचारतच नाही, सरळ रोप पकडतो. गिअरलेस मशीनमध्ये ब्रेक शीव्हच्याच शाफ्टवर असतो आणि त्याचे दोन स्वतंत्र भाग असतात. ते या कामासाठी प्रमाणित असतील तर रोप ब्रेकवर पैसे घालू नका. त्याऐवजी दोन्ही भागांचे मायक्रोस्विच (ब्रेक उघडला-मिटला ते कळवणारे छोटे स्विच) पॅनलला जोडलेले आहेत का, ते बघा.

वस्तू म्हणून रोप ब्रेक साधा आहे: लाइनर (घर्षणाचं अस्तर) लावलेले दोन जबडे, त्यांतून जाणारे सगळे रोप, आणि जबडे मिटवणारी दाबलेली स्प्रिंग. वीज असेपर्यंत कॉइल स्प्रिंगला रोखून धरते. वीज तोडली की जबडे मिटतात. हवेवर किंवा ऑइलच्या दाबावर उघडे राहणारे प्रकारही आहेत. पकडण्यासाठीच वीज लागते असं मॉडेल कुणी दाखवलं, तर बोलणं तिथंच थांबवा. गव्हर्नरच्या (वेग मर्यादेबाहेर गेला की सुटणाऱ्या यंत्राच्या) ट्रिपनंतर ब्रेक आपोआप सुटता कामा नये, माहितगार माणसानंच रीसेट करायला हवा.

मॉडेल निवडताना रोपची संख्या, व्यास आणि रोपिंग (रोप केबिनला थेट बांधलेत की पुलीवरून फिरवलेत) सांगावं लागतं. २:१ रोपिंगमध्ये रोप केबिनच्या दुप्पट वेगानं धावतात. १:१ चा आकडा बघून घेतलेला ब्रेक तिथं चालत नाही. जागाही बघा. जबडे बसतात तिथं सगळे रोप सरळ आणि एकमेकांना समांतर हवेत. शीव्हला अगदी चिकटून बसवला तर कडेचे रोप लाइनरला घासत राहतात, आणि दोन महिन्यांत खाली काळी भुकटी दिसते. ब्रेक मशीनच्या बीमला आरपार बोल्टनं बांधायचा. स्लॅबमध्ये अँकर ठोकून भागवलेली कामं झटका सोसत नाहीत.

खरी मेहनत वायरिंगमध्ये आहे. जुना गव्हर्नर बहुतेकदा एकाच दिशेचा असतो. वरच्या दिशेला ट्रिप होणारा नवा घ्यावा लागतो. १ मीटर प्रति सेकंद वेगाच्या लिफ्टला तो १.१५ ते १.५ च्या दरम्यान ट्रिप व्हायला हवा. दार उघडं असताना केबिन सरकली तर पकडायची असेल, तर डोअर झोनचे (केबिन मजल्याशी आहे का ते कळवणारे) सेन्सर आणि पॅनलमध्ये वेगळं सर्किट लागतं. नुसता ब्रेक आणून बसवला की हे काम होत नाही, आणि कोटेशनमध्ये नेमकी हीच ओळ गाळलेली असते. गव्हर्नर, पॅनलमधला बदल, ब्रेक आणि चाचणी यांचे दर वेगळे मागा.

आपल्याकडचा नेहमीचा घोळ वीज जाण्याचा. रोप ब्रेकची कॉइल एआरडीच्या पुरवठ्यावर घेतली नाही तर वीज गेल्याबरोबर जबडे मिटतात, एआरडी मोटर फिरवू बघतो, रोप हलत नाहीत आणि माणसं मध्येच अडकतात. मग कुणीतरी वैतागून ब्रेकच बायपास करतो.

चाचणी बसवणाऱ्या टेक्निशियननंच करायची. सोसायटीनं फक्त हजर राहून आकडे लिहून घ्यावेत. केबिन रिकामी, सगळी दारं लॉक, केबिन वर जात असताना गव्हर्नर हातानं ट्रिप करायचा आणि मशीनचा ब्रेक उघडा धरायचा. एकट्या रोप ब्रेकनं केबिन थांबून तशीच राहिली पाहिजे. मशीन ब्रेक चालू ठेवून घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही. दुसरी चाचणी उघड्या दाराची. मजल्याच्या आणि केबिनच्या उंबऱ्यांतलं अंतर टेपनं मोजा. ईएन ८१-२० या युरोपीय लिफ्ट-मानकाप्रमाणे मर्यादा १.२ मीटर; शिवाय उंबरा आणि समोरच्या दाराची वरची कड यांत किमान १ मीटर फट उरायला हवी. म्हणजे २ मीटर उंच दाराला मर्यादा प्रत्यक्षात १ मीटरच.

देखभालीत एकच शत्रू: तेल. सर्व्हिसला येणारा मुलगा रोपला सढळ हातानं ग्रीस फासतो, ते लाइनरवर चढतं आणि पकड घसरते. रोपला उत्पादकानं सांगितलेलं पातळ तेल, तेही बेतानं. तेल मुरलेला लाइनर पुसून वापरू नका, बदला. आणि डोअर लॉकच्या सर्किटमध्ये राहून गेलेला जंपर (लॉकला वळसा घालणारी तार) दर सर्व्हिसनंतर शोधा. उघड्या दारानं लिफ्ट सरकण्यामागे तो वारंवार सापडतो, आणि जंपर असेल तर पॅनलला दार बंदच वाटतं, मग त्या प्रसंगी ब्रेकला आदेशच मिळत नाही.

मशीनरूम आणि वर्मगिअर असलेल्या लिफ्टला आमचं मत: घ्या, पण आधी वर्मव्हीलचा बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई) आणि रोपची अवस्था तपासून. लवकरच पूर्ण मशीन बदलायचं ठरलं असेल तर थांबा, गिअरलेस आलं की हा खर्च वाया जाईल. हायड्रॉलिक होम लिफ्टला याचा उपयोग नाही, तिथं रप्चर व्हॉल्व्ह (पाइप फुटल्यास तेल अडवणारा) बघायचा. बांधकामावरच्या रॅक-पिनियन हॉइस्टचा सेफ्टी डिव्हाइस तर वेगळाच असतो, त्याच्या पट्टीवरची तारीख वाचा. काम सुरू करण्याआधी लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवा, आणि चाचणीचे आकडे मशीनरूमच्या दाराआड लावून ठेवा. पुढच्या वर्षी थांबण्याचं अंतर वाढलेलं दिसलं तर आधी लाइनर काढून बघायचा.