नातीची शाळा: वडोदऱ्यात प्रवेश शोधणाऱ्यांसाठी

माझी नात वडोदऱ्यातल्या एका सीबीएसई शाळेत दुसरीत आहे. आम्ही दांडिया बाजारचे. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. तिला नेणं-आणणं माझ्याकडे असल्यामुळे शाळा जवळून पाहते आहे.

कोयलीची रिफायनरी आणि आसपासचे कारखाने यांमुळे या शहरात देशभरातली कुटुंबं येऊन स्थिरावली आहेत. नातीच्या वर्गातही तमिळ, मल्याळी, सिंधी, बोहरी मुलं आहेत, आणि शाळा त्याचा खरोखर उपयोग करून घेते. दिवाळीआधी त्यांनी आज्यांना बोलावलं होतं. मी ठिपक्यांची रांगोळी काढली, शेजारी एका तमिळ मुलाच्या आजींनी कोलम. मी ठिपक्याला ठिपका जोडत गेले. त्यांची रेघ मात्र एकाही ठिपक्याला न शिवता सगळ्यांना वळसे घालत निघाली आणि फिरून जिथून सुटली तिथेच येऊन मिळाली. मुलं हवेत बोटं फिरवून ती रेघ गिरवत होती. बाईंनी तिथल्या तिथे गणित काढलं: पाच ओळी, ओळीत पाच ठिपके, एकूण किती? बरोब्बर मधला कोणता? पाचाचा पाढा घरी घोकून होत नव्हता, तो त्या फरशीवर पक्का झाला. २०२०च्या शैक्षणिक धोरणात लहान मुलांनी खेळातून, हाताने करून शिकावं असं म्हटलं आहे. ते इथे दिसतं.

संस्कारांचंही तसंच. डबा वाटून खायचा, पण आधी विचारायचं, "तुला चालतं का?" वर्गात जैन मुलं आहेत, त्यांना कांदा-लसूण चालत नाही. आता घरी पाहुणे आले तरी नात पोहे देण्याआधी विचारते. मला याचं फार कौतुक वाटतं.

गुजराती २०२३च्या कायद्यामुळे पहिलीपासून आहेच आणि बाई ती छान शिकवतात. देवनागरी येणाऱ्या मुलाला, वरची शिरोरेघ वगळली की, बरीच गुजराती अक्षरं ओळखीची वाटतात. इंग्रजी वाचन ठीक. वर्कशीट मात्र फार. दुसरीतल्या मुलांना रोज एवढं लिहायला लावू नये.

खटकतं ते स्नेहसंमेलन. वर्षभर इतकं सुंदर काम करणारी शाळा त्या दिवशी भाड्याचे कपडे मागवते, आणि महाराष्ट्र म्हणजे नऊवारी, नथ आणि एक नाच, एवढ्यावर विषय संपतो. त्यापेक्षा वाचनालयात मराठी गोष्टींची पुस्तकं ठेवा, तिथे आज एकही नाही. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यांच्या गावात हे शोभत नाही. मी तसं लेखी दिलं आहे. आणखी काही मराठी घरांनी मागणी केली तर पुस्तकं येतील असं मला वाटतं.

फी आमच्या भागातल्या इतर शाळांएवढीच. चौकशीला जाल तेव्हा चालू वर्ग दाखवा म्हणून सांगा, नाही म्हणत नाहीत. जमल्यास डब्याच्या सुट्टीच्या वेळी जा.