कसब्यातल्या चित्रवाटेचं डिझाइन: स्टुडिओचं काम कसं झालं

पुण्यात कसबा पेठेतल्या भिंतींवरची चित्रं एका वाटेत ओवायची असं मंडळाने ठरवलं आणि पाट्या, नकाशा, चिन्ह हे सगळं शहरातल्या एका लहान डिझाइन स्टुडिओकडे दिलं. मी मंडळाचा खजिनदार, शिवाय धंदा छपाईचा. म्हणजे गिऱ्हाईक किरकिरंच.

लोगो ठीक आहे. खरं काम ठिपक्यांचं. स्टुडिओची मुलं तांबट आळीत जाऊन मठारकाम बघत बसली आणि हातोडीच्या ठोक्याने तांब्यावर उमटणारे गोल ठसे त्यांनी वाटेची खूण म्हणून घेतले. कसबा पेठ मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला ठिपक्यांची ओळ लागते. पुढचं चित्र जवळ आलं की ठिपके दाट होतात. बाण नाही, वाचायचं काही नाही. आमच्यातल्या काहींना ते रस्त्यावर रंगवून हवे होते. स्टुडिओने साफ नको म्हटलं. बरोबरच आहे, रस्ता कधी खणतील याचा काय भरवसा! जुन्या वाड्यांच्या दगडी जोत्यांना रंग लावायचा नाही, तिथे टांगती पाटी, हेही त्यांचंच.

अक्षरांवरून मात्र भांडलो. पहिला नमुना ‘लाल महाल’चा. तीन ल, तिन्ही हिंदी वळणाचे, दांडीवाले; खाली शनिवारवाड्याचा श गाठीचा. लाल महालाच्या दारात हे? पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण २०२२ च्या शासन निर्णयातही आहे. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असली तर मजकुराची भाषा मराठी निवडायची, एवढंच असतं. त्यांनी तोंड वाकडं न करता सगळ्या पाट्या सुधारल्या.

रंगात ते हटून बसले. गडद तपकिरीवर तांबूस अक्षरं कागदावर देखणी, पण दिवेलागणीला गल्लीत काही दिसत नाही. शेवटी पांढरी करून घेतली. गणपतीत मांडव पडले की निम्मी ओळ झाकली जाणार, याचा तर आराखड्यात विचारच नव्हता. पुण्यात काम करताना!

मूळ फाइली आणि ठिपक्यांचे पत्र्याचे स्टेन्सिल त्यांनी न मागता दिले, त्यामुळे पुसलेले ठिपके आमचा पेंटरच मारतो. फक्त जागेवर येण्याच्या फेऱ्या कोटेशनमध्ये धरलेल्या नव्हत्या, त्याचे पैसे वेगळे लागले. असं काम कुणाला देणार असाल तर तेवढं आधी लिहून घ्या.