जुन्या टाटा 407 मध्ये, पिकअपमध्ये पायाला जागा पुरेना? पट्टी, लांब चॅनल, नवीन होल का सीटच बदलायची

सोयाबीनच्या सीझनला लातूरच्या मार्केट यार्डाबाहेर लाईनीत अर्धा-अर्धा क्लच दाबत उभं राहायचं नाहीतर लोड घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढायचा, आणि माणूस सहा फुटी, मग डावा गुडघा काय म्हणतो ते जुन्या गाडीवाल्यांना सांगायची गरज नाही. सीट मागं घ्यायचीय असं सगळेच म्हणायलेत, पण ती कशी घ्यायची यावर मिस्त्री एक सांगतो, वेल्डिंगवाला दुसरं आणि गादीवाला तिसरंच.

आधी तुमचा त्रास नेमका कोणता ते बघा. क्लच पूर्ण सुटलेला असताना पाय मुडपून राहत असेल तर सीट मागं जायला पाहिजे. पण गुडघा, मांडी स्टेअरिंगला घासत असेल तर सीट खाली गेली तरी काम होतं, मागं नेऊन तिथं अर्धाच फरक पडतो आणि वरून स्टेअरिंग हाताला लांब पडतं. सीट खाली घेतली की पाय पुढं जास्त पसरतात हेही लक्षात ठेवा, म्हणून बऱ्याच जणांना थोडी खाली थोडी मागं असं दोन्ही लागतं.

मग टेप घ्या. सीट शेवटच्या खाचेत टाकून पाठीपासून केबिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत किती जागा राहते ते मोजा. इंचभरच असेल तर पट्टी आणि चॅनल (सीट ज्याच्यावर पुढं-मागं सरकते ते) यांचा विषयच सोडा, थेट गादीवाल्याकडं जा. जागा असेल तरी अजून खर्च करू नका, सीटखाली बॅटरी मारून बघा. सोयाबीनचा भुसा, वाळलेला चिखल, गुटख्याच्या पुड्या, एखादं रुपयाचं नाणं, हे सगळं चॅनलमध्ये जाऊन दाबून बसलेलं असतं आणि मागच्या एक-दोन खाचांपर्यंत सीट जातच नाही, मालकाला वाटतं गाडीच अशी आहे. तारेच्या ब्रशनं साफ करून ग्रीस लावलं की काही जणांचं काम तिथंच मिटतं.

तरी पुरेना, मग पहिला पर्याय पट्टीचा. कंपनीची जी चार होलं आहेत त्यांनाच 6 एमएमची लोखंडी पट्टी बोल्टनं बसवायची आणि पट्टीवर दीड-दोन इंच मागं नवीन होल पाडून त्यात सीटचं चॅनल कसायचं. फरशीचा पत्रा कापायचा नाही, उद्या गाडी विकायची झाली तर पट्टी काढून सीट जागेवर, म्हणून मला हा पर्याय सगळ्यात बरा वाटतो. पण दोन गोष्टी आहेत. पट्टीच्या जाडीएवढी सीट वर येते, म्हणजे मांडी स्टेअरिंगला लागणाऱ्याचा त्रास वाढतो. आणि दुसरी जी कुणी सांगत नाही, पट्टीनं सीटची अख्खी रेंजच मागं सरकते, शेवटची खाच मागं गेली तशी पहिलीपण गेली. गाडीवर तुम्ही एकटेच असाल तर काही बिघडत नाही, पण ड्रायव्हर बदलत असतील आणि त्यातला एक सव्वापाच फुटी असेल तर त्याचा क्लच पूर्ण दाबलाच जाणार नाही, मग तो पाठीमागं उशी घेऊन बसणार आणि क्लचप्लेटचा खर्च तुमच्या गळ्यात.

अशा गाडीला लांब चॅनल बरं. भंगारातून दुसऱ्या गाडीचं लांब सरकणारं चॅनल आणायचं, पुढची मर्यादा तीच राहते, मागची वाढते. अडचण मापाची. दोन चॅनलमधलं अंतर सीटच्या फ्रेमशी जुळत नाही, मग वेल्डिंगवाला म्हणतो टाका डाग मारून देतो, तिथं नाही म्हणायचं. सरकत्या चॅनलला वेल्डिंगच्या उष्णतेनं वाक येतो, सीट अडकते नाहीतर लॉक अर्धवट बसतं. घेताना जोडीच घ्या, दोन्ही बाजूंचं लॉक एकदम पडतंय का ते दुकानातच बघा. बसवताना दोन्ही चॅनल एकमेकांना समांतर पाहिजेत, जरा तिरकं झालं की एकच बाजू लॉक होते आणि जोरात ब्रेक मारला की सीट तिरपी पुढं येते. हे नीट करणारा मिस्त्री ओळखीचा असेल तरच या भानगडीत पडा.

फरशीत नवीन होल पाडणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त केलं जाणारं काम, आणि मला तेच सगळ्यात कमी पटतं. जुन्या गाडीचा पत्रा गंजलेला असतो, कंपनीच्या होलाखाली जाड मजबुती आणि वेल्ड केलेला नट असतो तसं तुमच्या नवीन होलाखाली काहीच नसतं, नुसत्या वॉशरवर भरवसा ठेवला तर धडकेत बोल्ट पत्रा फाडून वर येतो. पाडायचंच असेल तर खालून तळहाताएवढी जाड प्लेट लावा, आणि ड्रिल लावायच्या आधी खाली वाकून वायरिंग, डिझेलचा पाईप, ब्रेकचा पाईप कुठून गेलाय ते बघा.

गादीवाल्याचा पर्याय लोक हसण्यावारी नेतात पण मागं जागाच नसेल तर तोच खरा. पाठीचा फोम इंच-दीड इंच कमी केला की माणूस तेवढा मागं बसतो, बसायचा फोम कमी केला की गुडघा स्टेअरिंगखालून सुटतो. जास्त उतरवू मात्र देऊ नका, खालची फ्रेम टोचायला लागते. मोठ्या ट्रकातली हवेची सीट टाकू म्हणणारेही भेटतात, पण तिचा सांगाडाच उंच, डोकं छताला लागेल, आणि 407 ला ब्रेक हायड्रॉलिक म्हणजे सीटला हवा द्यायला वेगळा कॉम्प्रेसर आला. सोडून द्या.

काहीही करा, बोल्ट मात्र डोक्यावर 8.8 नाहीतर 10.9 (हा ताकदीचा ग्रेड) छापलेलाच घ्या. स्टेनलेस स्टीलचा चकचकीत बोल्ट गंजत नाही म्हणून लोक आवडीनं घेतात, पण बाजारातला नेहमीचा स्टेनलेसचा बोल्ट 8.8 पेक्षा कमी ताकदीचा असतो. पट्टी घातली की जुना बोल्ट आखूड पडतो, नटात निदान बोल्टच्या जाडीएवढे आटे बसले पाहिजेत. बेल्टचं बकल सीटच्याच फ्रेमला असेल तर धडकेत तुमचा सगळा भार याच चार बोल्टांवर येतो, तिथं काटकसर करू नका. सीट मागं गेल्यावर बेल्ट लावून बघा, खांबावरचा वरचा पॉइंट खांद्याच्या पुढं राहिला तर बेल्ट छातीपासून सुटून राहतो, तसं झालं तर सीट एक खाच पुढं घ्या.

कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही, म्हणजे क्लीनरची सीट काढून तिथं झोपायची फळी टाकायची असेल तर आधी आरटीओत विचारा. आठ वर्षांवरच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी आहे, तिथं हलणारी सीट नजरेत येते. म्हणून काम झाल्यावर लोड घेऊन दोन-चार खेपा मारा आणि परत एकदा पाना लावून चारही नट तपासा.