दुरुस्ती चोख, वायदा कच्चा : टिळकवाडीतील एका संगणक दुरुस्ती दुकानाचा आठवडाभराचा अनुभव

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी संध्याकाळी बेळगावात वळीव कोसळला. वीज तीनदा गेली, तीनदा आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा आमच्या शहापुरातल्या घरचा संगणक सुरू झाला नाही. आतला पंखा घरघरत होता, पुढचा हिरवा दिवा लागत होता, पण पडदा काळाच राहिला. सोमवारी सकाळी मी तो डबा, ज्याला आपण सगळेच सीपीयू म्हणतो, रिक्षात मांडीवर घेऊन गोवावेसमार्गे टिळकवाडीतील एका दुरुस्तीच्या दुकानात दिला आणि त्यापुढच्या सोमवारी परत आणला. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण माझ्या तक्रारी मालकांच्या तोंडावर बोलून झाल्या आहेत आणि त्यांचे काम मला वाईट वाटलेले नाही. तरीही घरचा एकुलता एक संगणक दुरुस्तीला देताना काय पाहावे, याचा अंदाज इतरांना यावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे हा संगणक करमणुकीसाठी घेतलेला नाही. मी घरी बसून तीन लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. त्यांपैकी दोघे मागवाले आहेत, तर एकाचे साड्यांचे दुकान आहे. मागवाल्यांचे जीएसटीचे विवरण तिमाही असल्यामुळे त्यांची घाई नव्हती. साडीवाल्यांचे जीएसटीआर-१, म्हणजे आधीच्या महिन्याच्या विक्रीचे विवरण, मात्र दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावे लागते. ते चुकले तर त्यांच्याकडून माल घेणाऱ्याला त्या महिन्यात भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे वजावट, दिसत नाही, आणि मग तो घेणारा साडीवाल्यांना फोन करतो आणि साडीवाले मला करतात. एप्रिलच्या सगळ्या नोंदी टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये त्या बंद पडलेल्या संगणकातच होत्या. पेन ड्राइव्हवर घेतलेली शेवटची प्रत ३१ मार्चची होती, म्हणजे नेमका तोच महिना माझ्याकडे दुसरीकडे कुठेही नव्हता. ही चूक माझी, दुकानाची नव्हे.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना इतका अरुंद की समोरून कोणी उतरत असेल तर खाली थांबावे लागते. आत दोन मुले आणि स्वतः मालक काम करतात. मालक समोरच्याचा चेहरा पाहून कन्नड किंवा मराठी बोलतात आणि बोलताना मध्येच भाषा बदलतात, जे आपल्याकडे कोणाच्या लक्षातही येत नाही. मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी डबा माझ्यासमोर उघडला. झाकण निघाल्यावर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांत धुळीच्या नमद्याबरोबर झेंडूची एक वाळलेली पाकळी आणि कुंकवाचा लाल थर निघाला. आमच्या सासूबाई दरवर्षी खंडेनवमीला संगणकाची पूजा करतात, आणि हळदकुंकू वाहायला त्यांना डब्याच्या वरची जाळीच सोयीची वाटत आली आहे. मालक हसले नाहीत, त्यांनी पाकळी चिमट्याने काढून बाजूला कागदावर ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बाजूला वाहायला सांगा की ओ वहिनी, देवाला चालतंय."

दुसरी चांगली गोष्ट त्यांच्या पहिल्या प्रश्नात होती. संगणक कधी घेतला, किती खर्च करणार, यांपैकी काही न विचारता त्यांनी आतले काय महत्त्वाचे आहे ते विचारले. मी एप्रिलच्या नोंदींबद्दल सांगितल्यावर त्यांनी हार्ड डिस्क वेगळी काढली आणि दुसऱ्या यंत्राला लावून कानाशी धरली. मलाही ऐकवली. आतून ठराविक अंतराने टक्, टक् असा बारीक आवाज येत होता. बंद पडण्याचे मूळ कारण एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारा आतला डबा होता. त्यातल्या दोन कपॅसिटरची डोकी फुगून वर आलेली त्यांनी मला दाखवली. पण तो बदलून संगणक लगेच सुरू केला असता तर आधीच खराब होत आलेली डिस्क त्या धावपळीत कायमची गेली असती, म्हणून आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, घ्यायची आणि मगच बाकीचे काम, असा क्रम त्यांनी ठरवला. खराब झालेल्या जागा यंत्र पुन्हा पुन्हा वाचून पाहते, त्यामुळे नेहमी काही तासांत होणारी प्रत घ्यायला दोन-तीन दिवस लागू शकतात, हेही सांगितले. घाईच्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही. मलाही आवडले नाही, पण क्रम बरोबर होता हे आज मान्य करावे लागते.

जाता जाता त्यांनी आणखी एक उलगडा केला. गेले चार-पाच महिने रोज सकाळी संगणकाची तारीख मागे गेलेली असे आणि बँकेचे संकेतस्थळ सुरक्षिततेचा इशारा देऊन उघडायला नकार देई. मी रोज तारीख हाताने सुधारत असे आणि दोष बँकेला देत असे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा रुपयाएवढा सेल संपला होता, आणि आम्ही रात्री भिंतीवरचे बटण बंद करत असल्यामुळे घड्याळ चालवायला दुसरे काहीच उरत नव्हते. चाळीस रुपयांच्या सेलसाठी मी इतके महिने चिडचिड केली होती.

संगणक तिथे राहिला आणि मी रिकाम्या हाताने घरी आले. पहिल्या दिवशी वाटले होते तितके घर अडले नाही, आणि जिथे अडले ती जागा वेगळीच निघाली. विजेचे बिल, गॅसचे बुकिंग, बँकेतले किरकोळ व्यवहार हे सारे मोबाइलवर होत होते. अडली ती माझी बैठक. मोबाइलच्या पडद्यावर तीनशे बिलांचा महिना मांडता येत नाही. दोन दिवस प्रयत्न केल्यावर डोळे दुखू लागले आणि दोन आकडे चुकले, तेव्हा मी तो नाद सोडला. बुधवारी सासूबाईंनी माळ्यावरून माझ्या सासऱ्यांची एक कोरी राहिलेली लाल बांधणीची वही काढून दिली. सासरे रविवार पेठेत दिवाणजी होते आणि त्यांच्या वह्या उंचीने कमी, लांबीने जास्त, मांडीवर आडव्या धरायच्या अशा असत. डिस्कमधले काही मिळालेच नाही तर निदान एप्रिल तरी हाताशी असावा म्हणून साडीवाल्यांकडून बिलबुके मागवली आणि रोजकीर्द लिहायला बसले.

पहिला दिवस हात आखडण्यात गेला. टॅलीत जमेची बाजू, नावेची बाजू यंत्र सांभाळते. इथे पानाच्या तळाशी बेरीज जुळली नाही तर वर जाऊन एकेक ओळ बोटाने तपासावी लागते. सासूबाई शेजारी शेवया वाळत घालत होत्या, त्यांनी एकदा डोकावून "तुझे सासरे एक पान संपल्याशिवाय उठायचे नाहीत," एवढेच सांगितले आणि माझी उठायची सोय राहिली नाही. शुक्रवारपर्यंत महिना लिहून झाला. त्या वेळी शाहूनगरमधल्या माझ्या मैत्रिणीने तिचा लॅपटॉप देऊ केला होता, पण त्यावर टॅली नव्हते आणि तिच्या मुलाचे वर्ग चालू होते, त्यामुळे तो मार्ग तिथेच संपला.

मुलांचे म्हणाल तर दोघांच्या दोन तऱ्हा झाल्या. मुलगा सीईटी देऊन निकालाची वाट पाहत होता. त्याची जात व उत्पन्नाची प्रमाणपत्रे स्कॅन करून त्याच संगणकात ठेवली होती आणि मूळ कागद शोधण्यात एक दुपार गेली. ते सापडल्यावर झेरॉक्सच्या दुकानातून तीस रुपयांत पुन्हा स्कॅन करून आणले. वैशाखातल्या पारंपरिक शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे, रात्रभर जागून काढलेले त्याचे फोटोही आतच होते आणि खरे तर त्याचा जीव प्रमाणपत्रांपेक्षा त्यात अडकला होता. धाकटी नववीत जाईल. तिला मी १८४८ साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात नेले, तर ती दोन पुस्तके घेऊन आली आणि चार दिवसांत संपवून तिसरे मागू लागली. संगणक नाही म्हणून ती वाचू लागली असे मी म्हणणार नाही. तिच्या मोबाइलचा डेटा त्याच आठवड्यात संपला होता. संगणकाचे टेबल मात्र मंगळवारीच गेले. सासूबाईंनी त्यावर गवत पसरून आंब्यांची आढी घातली, त्यावर पडद्याचे विणलेले झाकण टाकले आणि मॉनिटर कपाटावर चढला.

आता तक्रारी. दुकानाने पहिला वायदा बुधवारचा दिला होता. बुधवारी फोन केला तर प्रत चालू आहे, शुक्रवारी या. शुक्रवारी फोन केला तर प्रत झाली, पण योग्य एसएमपीएस हुबळीहून यायचा आहे, उद्या नक्की. शनिवारी फोन कोणी उचलला नाही, आणि रविवारी दुकान बंद असते. आठवडाभरात मी नऊ फोन केले. दुकानाकडून एकही आला नाही. उशिराची सगळी कारणे मला पटण्यासारखी होती, आणि ती आपणहून सांगितली असती तर मी एवढी चिडलेही नसते. ज्या माणसाने पहिल्याच दिवशी इतक्या नीट समजावून सांगितले, त्याला रोज संध्याकाळी एक ओळीचा संदेश पाठवणे जड जाऊ नये. पावतीवर तारखेची जागा छापलेली आहे, पण ती कोरी सोडण्याची तिथे पद्धत दिसते. माझ्यापुढच्या दोघांच्या पावत्याही तशाच कोऱ्या होत्या.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. संगणक उघडण्याचा पासवर्ड त्यांनी पहिल्या दिवशी विचारला, तो मी कागदावर लिहून दिला. सोमवारी डबा घ्यायला गेले तेव्हा तोच पासवर्ड पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून डब्याच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला होता आणि डबा गिऱ्हाइकांच्या बाकड्याशेजारी ठेवलेला होता. आत तीन व्यापाऱ्यांचे हिशेब आहेत, हे मी त्यांना सांगितले होते. दुकानातल्या मुलांना कोणाचा डबा कोणता ते कळावे म्हणून असे करतो, असे उत्तर मिळाले. मी घरी येताच पासवर्ड बदलला. तुम्हीही देण्यापूर्वी तात्पुरता बदलून द्या, हे बरे.

पैशांच्या बाबतीत मात्र बोट ठेवायला जागा नाही. २५६ जीबीच्या एसएसडीचे २,४००, एसएमपीएसचे १,१००, सेलचे ४० आणि डिस्कची प्रत, सफाई व प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी नवी थर्मल पेस्ट धरून मजुरीचे ५०० असे एकूण ४,०४० रुपये झाले. आधी त्यांनी साध्या चिटोऱ्यावर आकडे लिहून दिले. मी पक्के बिल मागितले तर कुरकुर न करता दिले. काढलेली जुनी डिस्क आणि फुगलेला एसएमपीएस दोन्ही न मागता पिशवीत घालून परत केले, हे मला फार आवडले, कारण बिघडलेली डिस्क दुसऱ्याच्या हाती राहणे हा प्रकार कितीतरी जणांच्या लक्षातच येत नाही.

शिवाय त्यांनी नवा संगणक गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला नाही, आणि तशी संधी त्यांना होती. आमचा संगणक चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा आहे आणि त्यावर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सर्वसाधारण पाठिंबा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तर विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे आमच्या यंत्राला ती वाट अधिकृतपणे बंद. मालकांनी हे सगळे सांगून वर असेही सांगितले की हिशेबाचे काम एवढ्यात अडणार नाही, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नका आणि वर्षभरात नव्याची तजवीज करा. दुकानात विकायला नवे डबे मांडलेले असताना गिऱ्हाइकाला इतके स्पष्ट सांगणारा माणूस विरळा.

सोमवारी, म्हणजे नेमक्या ११ तारखेला, दुपारी एक वाजता संगणक घरी आला. आढी हलवायला सासूबाईंनी नकार दिल्यामुळे तो तूर्त जेवणघरातल्या स्टुलावर बसला. पूर्वी सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ लागत असे. आता पाव मिनिटात पडदा उजळतो. टॅली उघडले, एप्रिल संपूर्ण होता. वहीतली बेरीज आणि पडद्यावरची बेरीज शेजारी ठेवली तर ३,६७५ रुपयांचा फरक आला, आणि मला घाम फुटला. डिस्कची प्रत घेताना काही गळाले असावे असा पहिला संशय दुकानावर गेला. ओळीने तपासले तेव्हा कळले की १७ तारखेचे एक बिल मीच टॅलीत दोनदा चढवले होते; वहीत ते एकदाच होते. ते दुरुस्त करून संध्याकाळी सातच्या सुमारास विवरण भरले.

पाचपैकी साडेतीन तारे देते. कापलेल्या दीडपैकी एक पासवर्डच्या चिकटपट्टीसाठी आणि अर्धा नऊ फोनसाठी. एसएसडीवर तीन वर्षांची आणि एसएमपीएसवर एक वर्षाची हमी बिलावर लिहून मिळाली आहे. आमच्या यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी कधीच मेली होती आणि आम्ही तो नुसता प्लगपट्टीसारखा वापरत होतो, हेही त्यांनीच सांगितले. ती बदलायला पाऊस लागण्यापूर्वी मी त्याच दुकानात जाणार आहे. या वेळी पावतीवरची तारखेची जागा त्यांच्याकडून भरून घेतल्याशिवाय जिना उतरणार नाही.