आईबाबांची पॉलिसी: वीस टक्के को-पे, पन्नास हजारांचं डिडक्टिबल की दोन्ही नको?

साठीच्या पुढच्या आईवडलांसाठी मेडिक्लेम घ्यायला गेलं की तीन रस्ते समोर येतात. को-पे, म्हणजे दर बिलातला ठरलेला टक्का आपण भरायचा. डिडक्टिबल, म्हणजे वर्षातले पहिले अमुक हजार आपले, पुढचं कंपनीचं. आणि तिसरा, दोन्ही नाही पण प्रीमियम दणदणीत. एजंट फक्त प्रीमियमचे आकडे शेजारी शेजारी ठेवतो, पण खरा प्रश्न हा आहे की कुठल्या पॉलिसीत आपली माणसं वेळेवर दवाखान्यात जातील.

हे मी अनुभवाने सांगतोय. बाबांची २० टक्के को-पेवाली पॉलिसी होती, डॉक्टरांनी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं, अंदाजे १ लाख १० हजार, म्हणजे आमच्या खिशातून २२ हजार. बाबा म्हणाले पावसाळा होऊ दे, मग म्हणाले दिवाळी होऊ दे, आणि मला खरं कारण आईने नंतर सांगितलं की "पोराला कशाला त्रास, त्याचेच हप्ते चालू आहेत". आठ महिन्यांनी हर्निया अडकला, रात्री अडीच वाजता इमर्जन्सी, बिल २ लाख ४० हजार, आमचा वाटा ४८ हजार. पैशापेक्षा त्या रात्रीचं बाबांचं विव्हळणं अजून कानात आहे.

अमेरिकेत १९७४ ते १९८२ दरम्यान रँड या संस्थेने नेमकं हेच तपासलं होतं. जवळपास ५,८०० लोक, काहींना उपचार पूर्ण फुकट आणि बाकीच्यांना खर्चाचा २५, ५० किंवा अगदी ९५ टक्के वाटा. वाटा भरणाऱ्यांनी डॉक्टरकडे जाणं कमी केलं, पण फालतू भेटी टाळल्या आणि गरजेच्या ठेवल्या असं काही झालं नाही, दोन्ही जवळपास सारख्याच टाळल्या. एकदा आत गेल्यावर मात्र खर्चात फार फरक नव्हता, म्हणजे पैसा माणसाला दारातच अडवतो. बहुतेकांच्या तब्येतीवर याचा परिणाम दिसला नाही, पण गरीब आणि बीपी असलेल्यांचं बीपी फुकट गटात जास्त चांगलं आटोक्यात राहिलं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, तिथे वाट्याला वर्षाची कमाल मर्यादा होती. आपल्याकडच्या टक्केवारीच्या को-पेला सहसा तशी मर्यादा नसते.

आता आकडे. मोतीबिंदूचं बिल ४० हजार आलं तर २० टक्के को-पेमध्ये तुमचे ८ हजार, ५० हजारांच्या डिडक्टिबलमध्ये सगळेच ४० हजार तुमचे. बिल अडीच लाख असेल तर दोन्हीकडे ५० हजार. बायपाससारखं काही निघालं आणि ८ लाख झाले की को-पेवाले १ लाख ६० हजार भरणार आणि डिडक्टिबलवाले तेच ५० हजार. म्हणजे लहान कामाला को-पे बरा, मोठ्या संकटाला डिडक्टिबल. (नॉन-मेडिकलचा, म्हणजे हातमोजे, मास्क वगैरेंचा खर्च पॉलिसीत नसेल तर तो वेगळा, आणि डिडक्टिबल वर्षाचं आहे की दर क्लेमला लागतं ते आधी वाचा, फार फरक पडतो.)

माझं मत, प्रीमियम दरवर्षी झेपणार असेल तर दोन्ही नसलेलीच घ्या, पुढे वाचूही नका. नसेल झेपत तर डिडक्टिबल, पण एकाच अटीवर, ते ५० हजार आधीच बाजूला काढून आईच्या नावावर ठेवायचे, तुमच्या खात्यात नाही. म्हातारी माणसं मागायला लाजतात, स्वतःच्या पासबुकात दिसले तर मोतीबिंदू पुढे ढकलत नाहीत. एवढे बाजूला काढणं जमत नसेल तर को-पेच घ्या, निदान छोटी ऑपरेशनं अडणार नाहीत. काही कंपन्या एका वयानंतर को-पे सक्तीचा करतात, तेही विचारून घ्या.

सत्तरी ओलांडली असेल तर आधी केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, आधीच्या आजारांना थांबावं लागत नाही, फक्त हॉस्पिटल यादीतलं लागतं. आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, उपचार मोफत आहेत, साध्या तपासण्यांसाठी तिथे जायला काहीच हरकत नाही.

राहिल्या गोळ्या. यातली बहुतेक पॉलिसी रोजची बीपी-शुगरची औषधं देत नाही, आणि सगळ्यात जास्त काटकसर तिथेच होते. आमच्या बाबांची महिन्याची स्ट्रिप दोन महिने पुरत होती, एक दिवसाआड घ्यायचे. आता मीच जनऔषधी केंद्रातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणून ठेवतो, आणि आई दर रविवारी उरलेल्या मोजते.